कासव मी बारवेत सोडले नाही

आमच्या भागात विहिरीत कासव सोडतात. टाकत नाहीत, घालत नाहीत, सोडतात. या क्रियापदाशी माझे भांडण झाले आणि ते मी अद्याप मिटवलेले नाही, म्हणून आरंभीच त्याचा उल्लेख करतो. देवाला वळू सोडतात, नदीत दिवा सोडतात, तसे विहिरीत कासव. कासव पाण्यातले किडे खाते, पाणी निवळते आणि सोडणाऱ्याला पुण्य लागते, अशी समजूत. ती खरी की खोटी, यावर मी कधीच मत दिले नाही. माझ्या घरातले कासव मी सोडणार नाही, एवढेच मी म्हणालो. तेवढ्यावरून जे घडले ते लिहितो.

मी त्या वेळी तालुक्याच्या कचेरीत नकलनवीस होतो. निजामाच्या अमदानीत उर्दूत नकला केल्या. संस्थान विलीन झाल्यावर त्याच हाताने मराठीत करू लागलो. नकलनवीसाला मत नसते. मूळ कागदात जे आहे ते उतरवायचे, काना-मात्रेचा फरक करायचा नाही. या कामाने माणूस शब्दाला चिकटून राहतो. लोक त्याला हट्ट म्हणतात. म्हणोत.

इनाम जमिनीच्या एका कामासाठी सोनारी गावाकडे गेलो होतो. परतताना माळावर बैल अडले. गाडीवान खाली उतरला आणि हसू लागला.

"सायेब, धोंडा म्हनलं तर जित्राब निगालं."

चाकोरीत एक कासव चालत होते. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. एका कडेला नांगराचा फाळ लागून गेलेली खाच, जुनी, बुजलेली. चाकोरी खोल होती. दोन्ही बाजूंना चढता येत नव्हते म्हणून ते चाकोरीनेच चालले होते, आणि आमच्या मागून बाजाराच्या गाड्या येत होत्या. मी त्याला उचलून बांधाकडे ठेवले. ते वळले आणि पुन्हा चाकोरीत उतरले. पुन्हा ठेवले, पुन्हा उतरले. मग मी ते उपरण्यात बांधून घेतले. याहून मोठे कारण नव्हते. पुढे लोकांनी माझ्या नावावर एक दृष्टान्त खपवला. मला आजवर कोणताही दृष्टान्त झालेला नाही.

त्या माळावर पाणी नव्हते. ओढा दूर, तोही कोरडा. पुढच्या वादात हाच माझा मुख्य मुद्दा होता आणि तो कुणीही शेवटपर्यंत ऐकून घेतला नाही.

घरी आलो तेव्हा पत्नीने दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझ्यावरून नव्हे, कासवावरून. मग तिने पितळी गंगाळ काठोकाठ भरले आणि त्याला त्यात ठेवले. तिचा हेतू शुद्ध होता. पाण्याचा जीव, प्रवासाने शिणलेला. त्याला पाणी दिले. कासव बुडाशी गेले. पाय मारू लागले, मान वर ताणू लागले. तोंड पाण्याच्या वर येईना. नखे पितळेवर खरखरत होती.

"खेळतंय बगा," ती म्हणाली.

"बुडते आहे," मी म्हणालो आणि बाही वर न सारताच हात घातला.

त्याच्या नाकातोंडातून पाणी आले. बराच वेळ ते उपरण्यावर पडून राहिले. मग एक पाय हलला. मी त्याचे पाय पाहिले. बोटांमध्ये पडदा नव्हता. हत्तीच्या पायासारखे खांब आणि त्यांना नखे. हे चालण्याचे पाय होते. जमिनीवरचे कासव आहे, हे कळायला याहून अधिक विद्वत्ता लागत नाही.

त्याला अंगणात ठेवता येत नव्हते. गल्लीत कुत्री होती, मागच्या पडक्या भिंतीत मुंगूस राहत होते, आणि हिवाळा तोंडावर आला होता. तेव्हा घरातच जागा करायची ठरवली. घर धाब्याचे, लहान. मधल्या खोलीच्या माळवदाला उजेडासाठी एक भोक ठेवलेले होते. त्याला आम्ही सानं म्हणतो. त्यातून उन्हाचा एक कवडसा आत येई. घरात येणारे ऊन तेवढेच. सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीवर असे, मग भिंत उतरून जमिनीवर येई आणि दुपार कलली की पूर्वेच्या भिंतीवर चढे. कासव मोकळे ठेवले तेव्हा पाहिले, ते कवडशामागे चालते. कवडसा सरकला की तेही सरके. कचेरीत शिरस्तेदारामागे फिरणाऱ्या पक्षकारासारखे, न बोलता, न कंटाळता. तेव्हा त्याची जागा मी ठरवली नाही. ती उन्हाने ठरवली.

उन्हाच्या वाटेत जाते होते.

"जातं न्हाय हलायचं," पत्नी म्हणाली. "सासूबाईंनी रोवलंय ते."

"तिने रोवले तेव्हा घरात कासव नव्हते."

"तवा तुमी शहाने हुता."

जाते हलले. मी पहार लावली; दुसऱ्या बाजूने पत्नी आणि शेजारची खाला. खाला म्हणजे कलईवाल्याची विधवा. भांड्यांना कलई लावण्याचे काम नवऱ्यामागे तिनेच चालू ठेवले होते आणि तिच्या जिभेलाही तशीच झळ होती. जाते जागचे सुटले तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मुन्शीजी, जोरू की चक्की हटाए. अब रोट्यां बी कछवेच से पकवाना."

पत्नी त्यावर हसली. माझ्यावर हसायला तिला नेहमीच खाला लागे.

पहिले कुंपण मी बांबूच्या तट्ट्याचे केले. ते चुकले. फटींतून पलीकडचे दिसे, आणि जे दिसते तिकडे जायचे एवढेच त्या जिवाला ठाऊक. दिवसभर तट्ट्याशी टकरा. नाकाची कातडी सोलली तेव्हा तट्ट्या काढला आणि एका बांधकामावर उरलेले शहाबादी फरशीचे तुकडे मागून आणले. ते उभे रोवले, त्याला चढता येऊ नये इतके उंच. पलीकडचे दिसेनासे झाले आणि टकरा थांबल्या. यातून एखाद्याने बोध काढला असता. मी काढला नाही.

जमीन शेणाने सारवलेली. ती ओल धरते. काही दिवसांत कासवाचे नाक वाहू लागले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. मी सारवण खरवडून काढले. पत्नीच्या मते हा घराचा अपमान होता. खाली मुरूम पसरला, वर उन्हात वाळवलेली माती. एका कोपऱ्यात ती भुसभुशीत आणि खोल ठेवली, उकरून बसता यावे म्हणून. फुटक्या रांजणाचा अर्धा तुकडा आडवा पुरला. ते त्याचे बिऱ्हाड. थंडीत चुलीपाशी तापवलेली वीट पोत्यात गुंडाळून रांजणाला टेकवून ठेवायची. पाण्यासाठी मातीचा परळ काठापर्यंत जमिनीत पुरला. तो इतका उथळ निवडला, की कासव त्यात उतरून उभे राहिले तरी नाकपुड्या कोरड्या राहाव्यात.

हे सर्व पौषात केले. चैत्रात कवडसा दक्षिणेकडे सरकला आणि फरशीच्या बाहेर पडू लागला. कासव फरशीला नाक लावून बसून राही, ऊन पलीकडे. सूर्य उत्तरेकडे जातो हे मला शाळेत शिकवले होते, पण ते भूगोलाच्या पुस्तकात राहिले होते. फरश्या उपटल्या, जागा दक्षिणेकडे वाढवली. पत्नीला उठण्याबसण्यापुरती वाट उरली.

"आजून चार म्हैने थांबा," ती म्हणाली. "म्या आन् तुमी सोप्यात. खोली त्याची."

खाण्याचेही शिकावे लागले. कासव घरात आल्याची वार्ता गल्लीत पसरली होती. बायका येत, पाठीवर हळदकुंकू वाहत आणि दुधात कुस्करलेली भाकरी समोर ठेवत. भाकरीने त्याला ढाळ लागले. तेव्हापासून मी दारातच सांगू लागलो, गवत आणा, नाहीतर नुसते पाहून जा. हराळी, घोळ, तांदुळजा, निवडुंगाचे काटे काढलेले पान. एवढे त्याला मानवे. कुंकू मी ओल्या फडक्याने पुसून काढी. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

आता बारवेविषयी. गल्लीची पिण्याची विहीर म्हणजे ही बारव. दगडी, खाली पाण्यापर्यंत पायऱ्या. बायका पायऱ्या उतरत, घोट्याभर पाण्यात उभ्या राहत आणि घागर बुडवत. त्या पाण्यात नारू होता. ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पायाला फोड येतो, फोड फुटतो, आणि आतून दोऱ्यासारखा जंत डोके काढतो. तो काडीला गुंडाळत रोज थोडाथोडा ओढायचा. तुटला तर पाय सडतो. आमच्या गल्लीत काडी बांधलेला पाय नाही असे घर क्वचितच असेल.

आबा एके सकाळी आले. ते धान्याचे आडते. गल्लीचा शब्द त्यांच्या तोंडून निघे. फरशीच्या कडेला उभे राहून त्यांनी सगळे निरखून पाहिले.

"नकलनवीस, जागा झ्याक केलीसा. मानसाला न्हाय आशी."

"बसा, आबा."

"बसत न्हाय. मागाय आलोय. कासव द्या. बारवंत सोडू."

"हे पाण्यातले नाही."

"कासव पान्यातलं न्हाय?" आबांनी मागे वळून माझ्या पत्नीकडे पाहिले. "वैनी, आयकलं का? उद्या म्हनतील, बेडूक झाडावरला हाय."

"हे माळावर सापडले. तिथे पाणी नव्हते. पाण्यात ते बुडते."

आबांचा आवाज उतरला. "सुनंच्या पायाला दुसऱ्यांदा निगालाय. पोर रातध्याड कन्हतिया. मी काय माज्या हौसंनं मागतोय व्हय?"

त्यांची सून मी पाहिली होती. उंबऱ्याशी पाय लांब करून बसलेली, घोट्यापाशी काडी. आबा खोटे बोलत नव्हते. ते मला मान्य होते, आणि मान्य असूनही मी नाही म्हणालो. एकाचे दुःख खरे आहे म्हणून दुसऱ्याचा जीव द्यावा, हा हिशेब मला कधी पटला नाही.

"पाणी दुपदरी फडक्यातून गाळा," मी म्हणालो. "पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालू नका. आरोग्य खात्याचा माणूस हेच सांगून गेला."

"त्यो सांगून गेला, आन् जीपमधी बसून गेला. ऱ्हायलो आमी."

त्यानंतर मारुतीच्या पारावर मला बोलावणे आले. गल्लीतली कर्ती माणसे बसली होती. मी उभा राहिलो. बसा कुणी म्हटले नाही. आबांनी बोलणे चांगले मांडले. एका जिवाने इतक्या घरांचे भले होते. सोडणे म्हणजे त्या जिवालाही मोकळे करणे. फरशीच्या तुरुंगात ठेवण्यापेक्षा पुण्य बरे. माना हलल्या.

मी म्हणालो, "सोडणे म्हणू नका. ज्याला पोहता येत नाही त्याला पाण्यात टाकतात. टाकणे म्हणा, मग बोलू."

"शब्दात काय हाय, नकलनवीस?"

"मग शब्द बदलायला अडचण काय आहे?"

कुणीतरी मागून म्हणाले, "कचेरीतलं मानूस हाय बाबा. शाई वाळल्याबिगर हलायचं न्हाय."

हशा झाला. मग आबांनी तोड काढली. कासवाला दोरी बांधू. बारवेत सोडू. बुडायला लागले तर लगेच वर ओढू आणि नकलनवीसाचे खरे मानू. तरंगले तर कासव बारवेचे. सगळ्यांना ही तोड न्यायाची वाटली. ऐकणाऱ्याला आजही वाटेल. मी गंगाळात ती मान ताणलेली पाहिली होती. काही क्षणांत नाकातोंडात पाणी गेले होते. दोरी किती वेळ सैल ठेवायची, बुडणे कशाला म्हणायचे आणि खेळणे कशाला, हे ठरवणार कोण? ज्यांना ते पोहावे अशी इच्छा होती, तेच.

"परीक्षा होणार नाही," मी म्हणालो.

"म्हंजी तुमी खोटं."

"खोटा समजा. जीव टांगून खरा ठरण्यापेक्षा खोटा राहतो. कासव देणार नाही."

मग एकाने, जो एरवी कधी बोलत नसे, विचारले, "आन् पानी? पानी भरनार बारवंचंच ना?"

तिथेच ठरले. ज्याला बारवेची पर्वा नाही त्याला बारवेचे पाणी नाही. त्या बारवेवर कित्येकांना आधीच मज्जाव होता, जन्मावरून. कायदा झाला होता. बारवेपर्यंत तो पोचला नव्हता. त्यांना कारण विचारण्याची संधीही मिळाली नव्हती. मला निदान माझ्या बोलण्यावरून मज्जाव झाला. मी घरी आलो.

पत्नीने ऐकून घेतले. पाणी तिचे काम होते.

"मला का न्हाय इचारलं?"

"विचारले असते तर तू काय म्हणाली असतीस?"

"ते इचारल्यावं सांगितलं आस्तं."

ती बरोबर होती. मी म्हणालो, पाणी मी भरीन. तिने माझ्याकडे पाहिले आणि कोपऱ्यातली घागर माझ्यापुढे आणून ठेवली.

दुसरा आड मोमीनपुऱ्यात होता, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथल्या लोकांनी पोलिस अ‍ॅक्शननंतरची वर्षे आवाज न करता काढली होती. कचेरीतला कारकून खांद्यावर कावड घेऊन आडावर येतो, याचा अर्थ त्यांना लागेना. कुणी जप्तीला आला समजले, कुणी मोजणीला. बायका बाजूला सरकल्या. मी उभा राहिलो. शब्द शोधत होतो. अर्जाची भाषा मला येत होती, मागण्याची येत नव्हती. तेवढ्यात खाला घागर घेऊन आली; आमच्या शेजारी राहूनही ती पाणी याच आडाचे भरे.

"क्या हुआ जी? पुतला बनके कायकू खड़े?"

"पाणी पाहिजे."

"तो आड में है. मेरे मूं में क्या देखते?" तिने दोर माझ्या हातात दिला. मग बाकीच्या बायकांकडे वळून म्हणाली, "कछवेवाले मुन्शीजी हैं. उनके कछवे कू तैरना नै आता, इनकू बी नै आता. भरने देव."

बायका हसल्या आणि आड मला मोकळा झाला. मला कुणी जात विचारली नाही, कारणही नाही. त्या आडाला पायऱ्या नव्हत्या. तिथल्या बायका वरूनच पोहरा सोडत आणि पाणी फडक्यातून गाळून घेत.

कावड वाहणारा नकलनवीस हा गावाला तमाशा झाला. पहिल्या दिवसांत खांदा सोलला. बाजारातून जाताना दुकानांतून आवाज येत. "काय नकलनवीस, कासवाचं लगीन हाय का, पानी एवढं?" "कासव हळू चालतंय, तुमी बी हळूच चाला, सांडंल." कचेरीत वरिष्ठांनी विचारले, हे शोभते का. मी म्हणालो, पाणी प्यायलाच हवे असे शरीराचे म्हणणे आहे. त्यांनी पुन्हा विचारले नाही. मी मार्ग बदलला नाही. मागच्या बोळाने गेलो असतो तर अंतरही कमी झाले असते. मी बाजारातूनच गेलो.

आबा स्वस्थ बसले नाहीत. एका दुपारी, मी कचेरीत असताना, त्यांच्या आडतीवरचे दोन हमाल टोपली घेऊन आमच्या घरी आले. पत्नीने मला सांगितले ते इतकेच: "आले, आन् गेले." पुढचे खालाने सांगितले, तिने भिंतीपलीकडून सगळे ऐकले होते.

हमाल म्हणाले, आबांनी कासव मागितलंय, साहेबांचं आणि त्यांचं बोलणं झालंय. पत्नी फरशी ओलांडून आत गेली आणि कासवापुढे मुरमात बसली.

"बोलनं झालंय तर साहेबांस्नीच घिऊन या."

"वैनी, गल्लीचं काम हाय. पुन्य हाय."

"पुन्य म्या केलंय एकडाव. ह्याच हातानं गंगाळात सोडलं हुतं. बुडत हुतं, आन् म्या म्हनलं, खेळतंय." खाला म्हणाली, इथे तिचा आवाज चढला. "गंगाळात बुडतंय ते बारवंत तरंगल व्हय? आन् तळाला जाऊन मेलं, सडलं, तर ते पानी आबांच्या सुनंला कोन पाजनार? तुमी का म्या? जावा, इचारून या. म्या हितंच बसती."

हमाल टोपली घेऊन परत गेले. पुन्हा आले नाहीत.

मेलेल्या कासवाने पाणी नासेल, हा मुद्दा मला सुचला नव्हता. मी जीव, शब्द, न्याय यांवर भांडत होतो. आबा व्यापारी होते; त्यांना मालाची नासाडी कळली. पत्नीने गंगाळाची गोष्ट आजवर कुणालाही सांगितली नव्हती, मलाही तिचा उल्लेख करू देत नव्हती. ती तिने दोन हमालांना सांगितली. मी संध्याकाळी दोन खेपा जास्त केल्या. गरज नव्हती.

आबांनी मग सीना नदीकाठच्या भोयांकडून पाण्यातली कासवे आणवली, वाजतगाजत बारवेत सोडली. तिथे सोडणे हा शब्द योग्य होता. ती पोहत तळाशी गेली. नारू गेला नाही. पुढे सरकारने बारवेच्या पायऱ्या दगडमातीने बुजवल्या आणि वर रहाट बसवला. पाण्यात पाय जाणे बंद झाले. काड्या हळूहळू दिसेनाशा झाल्या. आबांची सून बरी झाली. ती चालू लागल्याचे मी कचेरीला जाताना पाहिले. मला बरे वाटले.

रहाट बसल्यावर आबा आमच्याकडे आले. या वेळी बसले. फरशीच्या कडेला उकिडवे बसून त्यांनी कासवाकडे बराच वेळ पाहिले.

"खातंय काय?"

"गवत."

"लई हलत न्हाय."

"हलते. आपण तेवढा वेळ बसत नाही."

आबांनी उपरण्याने तोंड पुसले. "बारवंवर या आता. रहाट बसलाय. वैनींची बी वडाताण हुतीय."

"येऊ नका, असे कोण म्हणाले होते?"

"आमीच की."

"मग राहू द्या."

"आरं पन आमीच म्हनतोय, या!"

"तुमच्या म्हणण्यावरून जाणे थांबले. तुमच्याच म्हणण्यावरून पुन्हा सुरू झाले, तर बारव तुमची ठरते. बारव कुणाच्या बापाची नाही, आबा. ज्यांना तुम्ही कधीच येऊ दिले नाहीत त्यांना आधी या म्हणा. त्यांच्यामागून मी येईन."

आबांचा चेहरा कठीण झाला. ते पत्नीकडे वळले. "वैनी, तुमी तरी समजवा."

पत्नी चुलीपुढून उठलीही नाही. त्या काळात ती माझ्याबरोबर आडावर येऊ लागली होती. कावड माझी, डोक्यावरची घागर तिची.

"म्या न्हाय येनार, आबा. मोमीनपुऱ्यात गप्पा लई ब्येस आसत्यात. तुमच्या बारवंवर काय हाय? निसता रहाट, कुरकुर कुरकुर."

"नवरा-बायकू एका खापराची," आबा म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. वहाणा चढवून बाहेर पडले. मी थांबवले नाही.

दुसऱ्या दिवशी आडतीवरून हिरव्या लसूणघासाची एक पेंढी आली. निरोप नव्हता. पेंढी मी परत पाठवली नाही. ती माझ्यासाठी आलेली नव्हती. थोडी चिरून कासवाला घातली, बाकीची सावलीत पसरली, आणि कावड उचलून बाजारातून मोमीनपुऱ्याकडे निघालो.